आईबापांचा शब्द आणि तीन ख्रिस्ती आत्मचरित्रें

देहूहून निघणारी तुकोबांची पालखी बारामती व इंदापूर हीं गांवें ओलांडून पंढरपुरास जाते. ज्या देवाच्या भेटीसाठीं एवढा लोकसमुदाय पायीं चालतो, तो देव विटेवर कां उभा आहे, हें या वाटेवरच्या लहान पोरासहि सांगतां येतें. पुंडलीक आईबापांची सेवा करीत होता. देव दारीं आला तरी त्यानें ती मध्येंच सोडली नाहीं. हाताशीं होती ती वीट मागें फेकली आणि देवास थांबावयास सांगितलें. ही कथा ऐकत वाढलेल्या माणसास आईबापांची सेवा देवाच्या सेवेहून खालची वाटणें कठीण. त्यांतून बारामती हें मोरोपंतांचें गांव. पन्हाळ्यास जन्मलेल्या या कवीनें आपली बहुतेक हयात नाईकांच्या आश्रयानें येथें काढली, आणि रामकथा इतक्या परींनीं गाइली कीं, ‘पंतांचीं १०८ रामायणें’ असें म्हणण्याचा परिपाठ पडला. रामकथेचें बीज तरी कोणतें? बापानें दिलेला शब्द मुलानें पाळला, हेंच. कऱ्हा, नीरा व भीमा यांच्या कांठच्या या मुलखांत आईबापांच्या शब्दाचा महिमा ओवींतून, आर्येंतून, कीर्तनांतून पिढ्यान् पिढ्या मुरलेला आहे.

याच मुलखाला लागून दौंड तालुक्यांत केडगांव आहे. तेथें पंडिता रमाबाईंनीं गेल्या शतकापूर्वींच्या शतकाच्या अखेरीस, मोठ्या दुष्काळाच्या धामधुमींत, मुक्तिसदन उभें केलें. तेथून १९०७ सालीं त्यांची इंग्रजींत लिहिलेली लहानशी ‘साक्ष’ प्रसिद्ध झाली. आणि तेथेंच १९२२ च्या एप्रिलांत त्यांचा देह पडला. पुंडलिकाच्या वाटेशेजारीं आईबापांचा धर्म सोडलेल्या बाईचें हें सदन! आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून ख्रिस्ती झालेल्या माणसाविषयीं जो पहिला आक्षेप निघतो तो द्वैताद्वैताचा नसतो. ज्यानें जन्मदात्यांचें ऐकलें नाहीं तो देवाचें काय ऐकणार, असा तो साधा घरगुती आक्षेप असतो. आणि घरगुती आहे म्हणूनच त्याला उत्तर देणें अवघड आहे.

मराठींतल्या ख्रिस्ती लेखकांना हा आक्षेप ठाऊक नव्हता असें नाहीं. तो त्यांनीं स्वतःच्या घरांत, रडणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकला होता. बाबा पदमनजी यांचें ‘अरुणोदय’ (१८८४), रमाबाईंची उपर्युक्त ‘साक्ष’ आणि लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ (पहिला भाग १९३४) हीं तीन आत्मचरित्रें या दृष्टीनें एकत्र ठेवून वाचण्याजोगीं आहेत. आमची टीकाकार मंडळी ‘स्मृतिचित्रें’ डोक्यावर घेतात आणि उरलेल्या दोहोंना ‘प्रचारी वाङ्मय’ ही चिठ्ठी चिकटवून फळीवर ठेवून देतात. ही वांटणी आम्हांस मान्य नाहीं. धर्मप्रसाराचा हेतु तिन्ही पुस्तकांत कमीअधिक आहे. प्रश्न हा कीं, त्या हेतूच्या दाबाखालीं आईबाप हीं माणसें पुस्तकांत जिवंत राहिलीं कीं नाहींत.

प्रथम ख्रिस्ती शास्त्राचें म्हणणें काय आहे तें पाहिलें पाहिजे, कारण त्याविषयीं आमच्याकडे दोन्ही बाजूंनीं गैरसमज आहेत. मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांत देवाविषयींच्या आज्ञा संपून माणसांविषयींच्या आज्ञा जेथें सुरू होतात, तेथें पहिली आज्ञा आईबापांचीच आहे. खून, चोरी, खोटी साक्ष यांचे निषेध तिच्या मागून येतात. परंतु या आज्ञेंतला शब्द नीट पाहावा. ती मान राखावयास सांगते. आज्ञापालनाचा शब्द तींत नाहीं. आज्ञापालन येतें तें पुढें, पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत, आणि तेंहि ‘प्रभूमध्यें’ या मर्यादेसह. त्या पत्रांत मुलांना सांगून झाल्यावर पौल लगेच बापांकडे वळतो आणि मुलांना चिडीस आणूं नका असें त्यांस बजावतो. आमच्या घरोघरच्या उपदेशांतून हा दुसरा भाग नेमका गळतो, हें जातां जातां नमूद करण्यास हरकत नाहीं.

ख्रिस्ताच्या चरित्रांत तर दोन्ही टोंकें शेजारीं शेजारीं आहेत. आईबापांवर माझ्याहून अधिक प्रीति करणारा मला योग्य नव्हे, असें मत्तयाच्या दहाव्या अध्यायांत तो म्हणतो. पण तोच ख्रिस्त पुढें पंधराव्या अध्यायांत परूशांना झोडपतो तें कशासाठीं? तर आईबापांच्या पोषणास लागणारें धन देवाला वाहिलें आहे अशी सबब सांगून ते म्हाताऱ्यांना उपाशी ठेवीत म्हणून. देवाचें नांव पुढें करून आईबापांना टाळणें हें त्याच्या मतें ढोंग होय. बारा वर्षांचा असतांना तो यरुशलेमाच्या मंदिरांत मागें राहिला, आईबाप तीन दिवस शोधीत होते. सांपडल्यावर त्यानें आपल्या खऱ्या पित्याच्या घराचा उल्लेख करून आईला निरुत्तर केलें, आणि मग मुकाट्यानें नासरेथास जाऊन तो त्यांच्या आज्ञेंत राहिला. काना गांवच्या लग्नांतला प्रसंग तर फारच सूक्ष्म आहे. द्राक्षारस संपला असें आई सुचविते, तो आपली वेळ आली नाहीं असें सांगून बाजूस होतो, आई पुन्हां त्याला एक शब्दहि न बोलतां फक्त चाकरांना सूचना देते, आणि अखेर तिच्या मनासारखेंच घडतें. आई व मुलगा यांच्यामधल्या न बोलल्या गोष्टींचें इतकें मोजकें चित्र धर्मग्रंथांतून विरळाच आढळतें. मरतांनाहि क्रूसावरून त्यानें आईची सोय एका शिष्याच्या घरीं लावून दिली. ही चरित्रकथा फादर स्टीफन्स यांनीं गोव्यांत मराठी ओवींत बांधून १६१६ सालीं छापविली. म्हणजे ती आमच्या भाषेला कालपरवां भेटलेली नाहीं.

हें शास्त्र ऐकून एखादा वाचक म्हणेल कीं, यांत परकें तें काय? पुंडलिकाच्या शेजारीं आमच्याकडे प्रल्हादहि आहेच. बापानें सांगितलेलें नाम न घेतां त्यानें दुसरें नाम घेतलें, आणि आम्ही त्याला अवज्ञेबद्दल दोष देत नाहीं. उलट नरसिंह खांबांतून येतो तो त्याच्याच बाजूनें. वाचकाचें हें म्हणणें खरें आहे. पण प्रल्हादाची गोष्ट सोपी होण्याचें कारण हिरण्यकशिपु हा राक्षस आहे. बाप राक्षस असला म्हणजे त्याचें न ऐकणें ही भक्ति ठरते. बाप सज्जन असेल, आई देवभोळी व प्रेमळ असेल, आणि तरीहि त्यांचा मार्ग मुलाला पटत नसेल, तर काय करावें? प्रल्हादाच्या कथेंत याचें उत्तर नाहीं. या तीन आत्मचरित्रांना सामोरें जावें लागलें तें या प्रश्नाला.

तत्पूर्वीं हा प्रश्न एकदां न्यायालयांतहि गेला होता. १८३९ सालीं मुंबईस धनजीभाई नवरोजी हा पारशी तरुण ख्रिस्ती झाला, तेव्हां सुप्रीम कोर्टानें तो जाणता आहे असें ठरवून कोठें जावयाचें तें त्याच्यावर सोंपविलें. चार वर्षांनीं, १८४३ सालीं, नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि मिशनऱ्यांकडे राहिला होता. तो बारा वर्षांच्या आसपासचा. कोर्टानें त्याला बापाच्या स्वाधीन केलें. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं यावर जो वाद माजला त्यांत बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूनें उभे राहिले, आणि त्याबद्दल त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. कायद्यानें वयाची रेघ ओढली. तिच्या अलीकडे बापाचा शब्द, पलीकडे स्वतःचा. कायद्याला याहून अधिक करतां येत नाहीं. पण रेघेच्या पलीकडे गेलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाला आईचें रडणें ऐकूं येणें कांहीं थांबत नाहीं.

तेवीस वर्षांचे म्हणण्याचें कारण, बाबा पदमनजी यांनीं १८५४ च्या सप्टेंबरांत बेळगांवास बाप्तिस्मा घेतला तेव्हां त्यांचें वय तेवढेंच होतें. कासार जातीचें, सुस्थितींतलें, देवधर्म करणारें घराणें. शिक्षण मिशनच्या शाळांतून. मधल्या काळांत मुंबईच्या परमहंस मंडळीशीं संबंध. ‘अरुणोदया’त हा सगळा प्रवास बाबांनीं नीटस, शांत, थोड्या शिक्षकी मराठींत सांगितला आहे. जुन्या घरांतले देव्हारे, नवस, उपासतापास यांची माहिती त्यांत इतकी भरपूर आहे कीं, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतलें मराठी मध्यम वर्गाचें धार्मिक जीवन अभ्यासणाऱ्यास तें पुस्तक टाळतां येणार नाहीं. मुलाच्या मनाची दीर्घ चालढकलहि त्यांत आहे. खरें काय तें कळूनहि घरच्यांच्या भयानें व मायेनें पाऊल अडतें, हा अनुभव बाबा लपवीत नाहींत, आणि ही त्यांच्या लेखनांतली सर्वांत सच्ची जागा आहे.

तरीहि हें पुस्तक वाचतांना आमच्या मनास एक बोंच लागते. तिचें मूळ नांवांतच आहे. अरुणोदय म्हटला म्हणजे त्याच्या आधीं रात्र आलीच. आणि ज्या घरांत लेखक वाढला तें घर, तीं आईबापें, त्यांचे नवस आणि त्यांची माया, हें सारें त्या रात्रींत जमा होतें. रूपक एकदां स्वीकारलें कीं तें लेखकाला सोडीत नाहीं. आईनें मुलासाठीं केलेला उपास हा मूर्तिपूजेचा पुरावा म्हणून नोंदला जातो. तो उपास तिनें कोणासाठीं केला हें विचारावयास लेखणी फार वेळ थांबत नाहीं. ज्या लेखकानें १८५७ सालीं ‘यमुनापर्यटन’ लिहून गांवोगांवच्या विधवांचें दुःख मराठी वाचकाच्या कानांवर घातलें, त्याला परक्या स्त्रियांचें रडणें ऐकूं येतें आणि स्वतःच्या घरांतलें रडणें मात्र तो चटकन् ओलांडून पुढें जातो, हें आम्हांस खटकतें. याचा दोष आम्ही बाबांच्या हृदयाला देत नाहीं. ज्या जखमेवर अजून खपली धरलेली नाहीं तिच्याकडे माणूस पाहत नाहीं. तीस वर्षांनीं लिहितांनाहि ती ओली असावी, असेंच या घाईवरून वाटतें. पण पुस्तक म्हणून ‘अरुणोदया’चें नुकसान झालें आहे एवढें खरें.

आतां रमाबाईंची ‘साक्ष’ घ्यावी. बाई १८५८ सालीं गंगामूळाच्या अरण्यांत जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, याबद्दल त्यांना पंडितांच्या सभेपुढें जाब द्यावा लागला आणि शास्त्राधारानें त्यांनीं तो दिला. पुढें त्या पत्नीनेंच, लक्ष्मीबाईंनीं, आपल्या धाकट्या मुलीस शिकविलें. तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत हें कुटुंब देशभर हिंडलें. जवळचें होतें तें देवांना व ब्राह्मणांना देऊन टाकलें. आणि १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांतल्या दुष्काळानें त्यांना गांठलें. पाणी पिऊन आणि झाडपाला खाऊन दिवस कंठण्याची वेळ आली. देवांनीं सांगितलेलें सारें आम्हीं केलें, तरी देवांनीं ऐकलें नाहीं, हें बाईंचें निरीक्षण या भागांत येतें तें अगदीं कोरडें, जवळजवळ हिशेबी आहे. त्या कोरडेपणाचा घाव कोणत्याहि निंदेहून खोल जातो.

पण ज्या प्रसंगासाठीं आम्हीं हा लेख लिहावयास घेतला तो यापुढचा आहे. उपाशी मरण्यापेक्षां पवित्र जलांत देह सोडावा असें वृद्ध, दृष्टि अधू झालेल्या शास्त्रीबोवांनीं ठरविलें आणि एकेका मुलाला जवळ घेऊन निरोप दिला. सर्वांत धाकट्या रमेला त्यांनीं जें सांगितलें तें बाईंनीं तीसाहून अधिक वर्षांनीं, ख्रिस्ती होऊन चोवीस वर्षें झाल्यावर, लिहून ठेवलें आहे. तूं माझी सर्वांत लाडकी. तुला मीं देवाच्या हातीं दिलें आहे. तूं त्याची आहेस आणि जन्मभर त्याचीच सेवा कर, असा त्या निरोपाचा भावार्थ. पुढें जलसमाधीचा बेत मुलाच्या विनवणीवरून टळला, आणि थोड्याच दिवसांत शास्त्रीबोवा वारले, मागोमाग आई.

आतां बाई या निरोपाचें काय करतात तें पाहावें. साधा प्रचारक लेखक असता तर येथें दोनच वाटा होत्या. एक, वडिलांचा देव खोटा होता म्हणून त्यांचा शब्दहि बाजूला सारणें. दुसरी, वडिलांना मनांतून ख्रिस्ती ठरवून टाकणें. बाई दोन्ही टाळतात. माझ्या वडिलांना खऱ्या देवाची ओळख नव्हती, असें त्या स्पष्ट म्हणतात. यांत कोणतीहि भीडमुर्वत नाहीं. पण ज्या अज्ञात देवाची ते मनोभावें सेवा करीत होते त्याच्याच हातीं त्यांनीं आपल्याला सोंपविलें, तो शब्द खऱ्या देवानें ऐकला, आणि आपण आज जें करतों तें वडिलांच्या अखेरच्या आज्ञेंतच बसतें, अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणजे बापाचा धर्म सोडून बापाचा शब्द पाळला! वरवर पाहतां हा शब्दच्छल वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. वडिलांनीं आयुष्यभर सांगितलेल्या शेंकडों गोष्टींतून कोणती त्यांच्या जिवाच्या गाभ्याची होती आणि कोणत्या रूढीच्या, हें ओळखण्याचें काम मुलाला केव्हां ना केव्हां करावेंच लागतें. स्वतः अनंतशास्त्र्यांनींहि बायकोला संस्कृत शिकवितांना आपल्या वाडवडिलांच्या बाबतींत तेंच केलें होतें. मुलीनें हें घरांतूनच उचललें.

१८८७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या ‘उच्चवर्णीय हिंदु स्त्री’ या आपल्या इंग्रजी पुस्तकाची अर्पणपत्रिका बाईंनीं आपल्या दिवंगत आईच्या नांवें लिहिली आहे, आणि तिची शिकवण हाच आपल्या आयुष्याचा दिवा होता अशा अर्थाचे शब्द तींत आहेत. बाप्तिस्मा होऊन चार वर्षें झालेली ख्रिस्ती बाई परदेशांतल्या ख्रिस्ती वाचकांसमोर एका कर्मठ हिंदु स्त्रीला आपली वाटाडी म्हणते. पांचव्या आज्ञेवर पुष्कळ प्रवचनें आम्हीं वाचलीं आहेत. या अर्पणपत्रिकेइतकें सरळ भाष्य त्यांत आढळलें नाहीं.

या कथेला आणखी एक पदर आहे. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाईंचा बाप्तिस्मा झाला, तेव्हां तेथील मठांतल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. बाईंची लहानगी मनोरमा त्यांना आजीबाई म्हणे, आणि बाईहि पत्रांतून त्यांना तसेंच संबोधीत. हा पत्रव्यवहार १९७७ सालीं अ. भि. शहा यांनीं संपादून महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळातर्फें प्रसिद्ध झाला; ज्यांनीं तो वाचला नसेल त्यांनीं अवश्य वाचावा. त्यांत आजीबाई सांगतात कीं, वडीलधाऱ्यांची व चर्चची आज्ञा नम्रपणें मान; आणि बाई उत्तर देतात कीं, आपल्याकडच्या भटभिक्षुकांच्या जोखडांतून मोठ्या कष्टानें मान सोडविली ती दुसऱ्या पुरोहितांच्या जोखडांत देण्यासाठीं नव्हे. मुलीला धर्मशिक्षण कसें द्यावें हें ठरविण्याचा अधिकारहि त्या आईचा म्हणून स्वतःकडे राखतात. गंमत अशी कीं, ज्या बाईंवर आमच्या लोकांनीं आईबापांच्या धर्माची अवज्ञा केल्याचा ठपका ठेवला, त्याच बाईंवर त्यांच्या नव्या धर्मातल्या मंडळींनीं धर्ममातेच्या अवज्ञेचा ठपका ठेवला! दोन्ही ठिकाणीं बाई एकच गोष्ट सांगत होत्या. मान राखीन, पण विवेक तारण ठेवणार नाहीं. सिस्टर जेराल्डीन यांच्यावर रागावण्याचेंहि कारण नाहीं. त्यांचीं पत्रें वाचतांना कळकळीची, थोडी हट्टी आणि दुखावलेली आजीच डोळ्यांपुढें उभी राहते.

‘साक्षे’चे दोष आम्ही झांकणार नाहीं. तिचा उत्तरार्ध पूर्वार्धाच्या मानानें फिका आहे. केडगांवच्या कामाविषयींचा मजकूर अहवालाच्या अंगानें जातो, आणि जेथें एखादी मुलगी, एखादा चेहरा दिसावयास हवा तेथें देवाच्या कृपेचें सामान्य वर्णन भेटतें. दुष्काळांतून आणलेल्या, आईबाप गमावलेल्या त्या शेंकडों मुलींना आईबापांच्या आज्ञेचा पाठ देतांना काय वाटलें असेल? बाई स्वतः त्याच वाटेनें आल्या होत्या. त्यांनीं त्यावर दोन पानें लिहिलीं असतीं तर मराठी संसाराला त्यांचा उपयोग झाला असता. पण पुढें त्यांनीं अख्ख्या बायबलाचें मराठी भाषांतर हातीं घेतलें आणि शेवटचीं वर्षें त्यांत घातलीं. १९२१ च्या जुलईंत मनोरमाबाई गेल्या. आईच्या शब्दाबाहेर न जातां तिच्या कामांत झिजलेली ही मुलगी आईच्या आधीं गेली, आणि भाषांतराचें शेवटचें काम पुरें करून नऊ महिन्यांच्या आंत आईहि गेली.

लक्ष्मीबाई टिळकांकडे वळलें म्हणजे एकदम हवा बदलते. येथें अरुणोदय नाहीं, साक्षहि नाहीं. येथें चूल आहे, विहीर आहे आणि सोवळें आहे. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना सत्तावनच्या धामधुमीनंतर फांशीं दिलें गेलें, आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांच्या डोक्यांत सोवळ्याचें वेड शिरलें. बाजारांतून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत घ्यावयाची नाहीं. बायकामुलांचे हाल कुत्रा खाईना. असला बाप रंगवितांना दोन धोके असतात. एक त्याला राक्षस करण्याचा, आणि दुसरा त्याच्या वेडाला भक्ति म्हणून गोंजारण्याचा. लक्ष्मीबाई तिसरेंच करतात. त्या हंसतात. आणि तें हंसूं इतकें निर्वैर आहे कीं, वाचकाला त्या बापाविषयीं तिरस्कार वाटण्याऐवजीं एका घाबरलेल्या माणसाविषयीं कणव वाटूं लागते. आईबापांचा मान राखणें म्हणजे त्यांच्या विक्षिप्तपणाकडे डोळेझांक करणें नव्हे, हें येथें कोणतेंहि वचन न सांगतां सिद्ध होतें. आमच्याकडील पितृभक्तीच्या वाङ्मयांत हंसण्याला जागा नाहीं. म्हणून त्यांतले बाप पुतळ्यासारखे दिसतात.

१८९५ च्या फेब्रुवारींत नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांच्या आधारानें राहिल्या. त्यांतला कांहीं काळ पंढरपुरांत गेला. पुंडलिकाच्या गांवींच हा पेंच पडला हा योगायोग ध्यानांत घेण्यासारखा आहे. बाप ख्रिस्ती, आई हिंदु, मध्यें चार वर्षांचा दत्तू. आईबापांचें ऐकावें असें सांगणाऱ्या सर्व धर्मांनीं असें गृहीत धरलेलें असतें कीं, आईबाप एक बोलतात. तीं दोन बोलूं लागलीं तर? या प्रश्नाचें शास्त्रीय उत्तर ‘स्मृतिचित्रां’त नाहीं, पण त्याची धग पानापानाला आहे. नातलगांचा सल्ला एक, नवऱ्याचीं पत्रें दुसरीं, आणि स्वतःचें मन तिसऱ्याच बाजूला. चार-पांच वर्षांनीं लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या त्या हिंदु म्हणूनच. ख्रिस्ती घरांत त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळें. मग एका रात्रीं विचार करतां करतां जात ही देवानें केलेली नसून माणसानें केली आहे असें त्यांचें त्यांनाच पटलें, आणि सोवळ्याची ती उतरंड ढासळली. ज्या मुलीनें बापाच्या धाकानें पाणी सुद्धां सोवळ्यांत प्यालें होतें, ती कोणाचाहि उपदेश न ऐकतां, अंथरुणावर पडल्या पडल्या, त्या धाकांतून सुटली. मराठी गद्यांत मतपरिवर्तनाचा इतका घरगुती प्रसंग दुसरा नसेल.

एक गोष्ट आमच्या टीकाकारांच्या नजरेंतून सुटते. हें पुस्तक लिहिलें गेलें तें मुलाच्या आग्रहावरून. वडिलांचें चरित्र लिहावयास निघालेल्या देवदत्त टिळकांनीं आईला आठवणी लिहावयास बसविलें, आणि तिनें मुलाचें ऐकलें म्हणून मराठीला हा ग्रंथ लाभला. आईबापांनीं मुलांचा उपदेश कितपत ऐकावा, हा विषय एखाद्या प्रवचनकारानें कधींतरी घ्यावयास हरकत नाहीं.

तिघांची तुलना करून क्रम लावा, असें कोणी म्हटल्यास आम्ही वाङ्मय म्हणून ‘स्मृतिचित्रें’च पुढें ठेवूं, त्याबद्दल दुमत होईलसें वाटत नाहीं. पण प्रस्तुत प्रश्नाला जें सर्वांत कठीण व सर्वांत प्रामाणिक उत्तर मिळालें आहे तें रमाबाईंच्या लहानशा ‘साक्षे’च्या त्या निरोपाच्या पानांत मिळालें आहे, असें आमचें मत आहे. लक्ष्मीबाईंना हंसण्याची सोय होती. उपाशी बापाच्या शेवटच्या शब्दांवर हंसतां येत नाहीं, आणि ते विसरतांहि येत नाहींत.

या तिन्ही पुस्तकांची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. हीं एकेकट्यानें घर सोडलेल्या, किंवा घर मोडलेलें पाहिलेल्या, लिहित्या-वाचत्या घरांतल्या माणसांचीं पुस्तकें आहेत. महाराष्ट्रांतला ख्रिस्ती समाज बहुतांशीं अशा माणसांचा बनलेला नाहीं. नगर जिल्ह्यांत अमेरिकन मराठी मिशनच्या खेड्यापाड्यांतून महार-मांगांचीं कुटुंबेंच्या कुटुंबें ख्रिस्ती झालीं. तेथें आईबापांचा शब्द आणि नवा धर्म यांची फारकत पडली नाहीं, कारण धर्म घरांत आला तो आईबापांच्याच हातानें. अशा घरांतल्या नातवाला आजोबांचा उपदेश जड वाटूं लागला तर तो उपदेश ख्रिस्ताचाच असावयाचा. ज्या नारायण शेषाद्रींनीं १८४३ सालीं बापाचा शब्द मोडला, त्यांनींच पुढें जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभारली, आणि त्या वस्तींतल्या मुलांना इतर पाठांबरोबर आईबापांच्या आज्ञेचाहि पाठ मिळाला असणारच. तो पाठ शिकवितांना शेषाद्रींना आपल्या बापाची, आणि कोर्टानें परत नेलेल्या श्रीपतची आठवण होत असेल काय? त्या वस्तींतल्या एखाद्या मुलानें मोठेपणीं आपली हकीकत ‘स्मृतिचित्रां’च्या मोकळेपणानें लिहिली असती, तर या तीन पुस्तकांच्या शेजारीं चौथें ठेवतां आलें असतें, आणि आमचा हा लेख बराच वेगळा झाला असता.